कार्ब्युरेटर, काळे हात आणि एक सही



ऑक्टोबर आला की आमच्या मिनेसोटात तळ्याकाठी एकच गडबड उडते. डॉक पाण्याबाहेर ओढा, बोटी झाका, इंजिनं थंडीसाठी बांधून ठेवा. आणि दरवर्षी न चुकता कोणीतरी देशी मित्र मला विचारतोच, "अरे, ते खटारा इंजिन अजून ठेवलंयस? नवीन घे की! वीकएंड कशाला घालवतोस?" यंदा मी ठरवलं, एकदाचं सविस्तर उत्तर लिहून टाकावं. पण लिहायला बसलो तेव्हा घरात त्याच आठवड्यात एक वेगळाच प्रसंग घडला आणि विषय जरा पसरला. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

आधी इंजिनाबद्दल. छोट्या बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. माझं जॉन्सन कंपनीचं 'सी हॉर्स', १९५६ सालचं, साडेपाच घोड्यांचं. म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठं. २००९ मध्ये शेजारच्या नॉर्वेजियन वंशाच्या आजोबांनी तळ्यावरचं घर विकताना ते मला फुकट दिलं. "चालेल, फक्त तू त्याच्याशी नीट वागलं पाहिजेस," एवढंच म्हणाले. मी सॉफ्टवेअरवाला. नीट वागायचं म्हणजे काय करायचं, हे मला कुठे ठाऊक!

पहिल्याच उन्हाळ्यात त्याने रंग दाखवले. ह्या इंजिनाला आजच्यासारखा पेट्रोल पंप नाही. टाकीला दोन नळ्यांचा जोड होस असतो. एका नळीतून इंजिनातली हवा दाबाने टाकीत जाते आणि त्या दाबाने दुसऱ्या नळीतून पेट्रोल वर येतं. सुरू करताना टाकीवरचं बटण चार-पाच वेळा दाबायचं. मी दाबलं, तर कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल बदाबदा खाली. पाण्यावर इंद्रधनुष्य! कसंबसं सुरू झालं तर धूर एवढा, की पलीकडच्या काठावरची माणसं उठून उभी राहिली. दुकानात नेलं. तिथल्या माणसाने वरचं कव्हरही न उघडता सांगितलं, "पार्ट मिळत नाहीत. मजुरी इंजिनाच्या किमतीच्या वर जाईल. फेकून द्या." मी ते गॅरेजच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

२०१० च्या जूनमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. बाबा सांगलीच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक होते. उभा जन्म डिझेल गाड्यांखाली गेला, आणि डिझेलला कार्ब्युरेटर नसतो. पण घरी आमची बजाज चेतक होती. कित्येक वर्षं नंबर लावून मिळालेली. टू-स्ट्रोक, पेट्रोलात ऑइल मिसळून टाकायची. सुरू झाली नाही की एका अंगाला कलती करायची आणि मग किक. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी हे केलं असेल. तरीही नाही झाली, तर बाबांचं ठरलेलं वाक्य, "कचरा आलाय कार्ब्युरेटरात." मग अंगणात पोतं अंथरून ते बसायचे. मी जवळ जाऊन उकिडवा बसलो की म्हणायचे, "तू ऊठ. अभ्यास कर जा. हात काळे करायला मी हाय." हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय.

इथे आल्यावर पंधरा दिवसांत बाबा घरात बसून कंटाळले. एके सकाळी गॅरेजमधून खडखडाट ऐकू आला. जाऊन पाहतो तर बादली पालथी घालून त्यावर बसलेले, समोर ते इंजिन. आउटबोर्ड नावाचा प्राणी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण कव्हर काढल्यावर दोनच मिनिटांत म्हणाले, "आरं, हे आपल्या चेतकसारखंच की! ह्यात फ्लोट असणार बघ."

असणारच. कार्ब्युरेटर म्हणजे काही फार गूढ प्रकरण नाही. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता बॉल असतो, टाकी भरली की तो वर येतो आणि पाणी बंद. तीच गंमत इथे वाटीएवढ्या जागेत. पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो, एका टोकदार सुईने वाट बंद करतो. हवेच्या वाटेत मध्ये अरुंद गळा असतो. तिथे हवा जोरात जाते, दाब उतरतो आणि बारीक भोकातून पेट्रोल वर ओढलं जातं. झालं. १९५६ च्या ह्या इंजिनातला फ्लोट बुचाच्या लाकडाचा, म्हणजे कॉर्कचा. बाबांनी तो काढून तळहातावर तोलला आणि म्हणाले, "हा प्यायलाय."

खरोखर प्यायला होता. कॉर्कवरचं जुनं लाखेचं आवरण गेलं होतं, आत पेट्रोल मुरलं होतं, तरंगायच्या ऐवजी बुडत होता. मग सुई वाट बंद करणार कशी! बाबांनी तो चार दिवस उन्हात वाळवला, हार्डवेअरच्या दुकानातून शेलॅक, म्हणजे आपला चपडाच, आणवला आणि तीन हात दिले. इंजिन शिवून आणलेल्या शर्टासारखं फिट्ट चाललं. आणि तीन आठवड्यांत पुन्हा पेट्रोल बदाबदा.

उघडलं तर चपडा गायब. बाबांनी कपाळावर हात मारला. मी तेव्हा त्यांना सांगितलं, की इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. "म्हंजे स्पिरिट?" हो, स्पिरिटच. आपल्याकडे पॉलिशवाले चपडा विरघळवतात कशात? स्पिरिटमध्ये! "स्पिरिटमध्ये विरघळणारी वस्तू आपण स्पिरिटात बुडवून ठेवली होय!" असं म्हणून ते इतके हसले, की आई बाहेर आली. पुढे मी शोधल्यावर कळलं की ह्या जातीच्या कार्ब्युरेटरचं दुरुस्ती किट अजूनही मिळतं, कारण साधारण तसाच कार्ब्युरेटर अनेक मॉडेलांना वर्षानुवर्षं बसत होता. इथेनॉलला न विरघळणारा नवा फ्लोटही मिळतो. दुकानदाराचं 'पार्ट मिळत नाहीत' म्हणजे 'मला शोधायचं नाही' असं होतं. असो.

आता माझं मत. ते असं, की जुन्या आउटबोर्डच्या कार्ब्युरेटरचं काम ज्याचं त्याने स्वतः करावं. दुकानात देऊ नये आणि 'टाकीत ओता आणि विसरा' असल्या बाटल्यांवरही विसंबू नये. बाटली वाईट नसते, पण ती विरलेला फ्लोट बदलत नाही आणि आक्रसलेलं गॅस्केटही नाही. कारणं पैशाची नाहीत, कामाच्या स्वभावाची आहेत. हे काम अवघड नाही, पण निवांत करायचं आहे, आणि ताशी दर लावणाऱ्याला निवांतपणा परवडत नाही. ज्यांच्या गॅरेजमध्ये असं एखादं इंजिन पडलंय त्यांच्यासाठी चार अनुभवाच्या गोष्टी लिहितो. चू.भू.दे.घे.

एक, आधी ठिणगी तपासा. पन्नाशीच्या दशकातल्या ह्या इंजिनांच्या इग्निशन कॉइलला तडे जातात. निम्म्या वेळा आपण बिचाऱ्या कार्ब्युरेटरला शिव्या देतो आणि दोष चाकाखालच्या कॉइलचा असतो.

दोन, उघडताना प्रत्येक स्क्रू ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने ताटलीत मांडा. बाबांनी आमच्या बायकोची जेवणाची स्टीलची ताटली घेतली होती. त्यावरून घरात जे झालं ते वेगळं. तुम्ही जुनी घ्या. काम मोकळ्या हवेत करा, जवळपास वॉटर हीटर किंवा कुठली ज्योत नको, डोळ्यांवर चष्मा हवाच. क्लीनरचा फवारा एका भोकातून मारला की दुसऱ्यातून थेट डोळ्यात येतो.

तीन, क्लीनर मारण्याआधी कॉर्क, रबर आणि सुयांभोवतीचं पॅकिंग काढून ठेवा. जेटच्या भोकात जाड तार घालून खरवडू नका. भोक केसभर मोठं झालं की इंधनाचं गणित कायमचं बिघडतं. भिजत ठेवा, हवेच्या झोताने उडवा, पुन्हा भिजवा.

चार, पितळी सुया आत फिरवताना नुसत्या टेकवायच्या, आवळायच्या नाहीत. आवळली की टोकाला गोल वळ उमटतो आणि मग ती सुई कधीच नीट लागत नाही. फ्लोट बसवल्यावर कार्ब्युरेटर उलटा धरा. फ्लोट कडेला समांतर दिसला पाहिजे. मग इंधनाच्या नळीत तोंडाने हळूच फुंका. सरळ धरल्यावर हवा गेली पाहिजे, उलटा धरल्यावर थांबली पाहिजे. पेट्रोल आत भरण्याआधीच हे करायचं, हे सांगायला नको.

पाच, ह्या इंजिनाच्या तोंडावर दोन नॉब आहेत. एक वेगाचा, एक संथ गतीचा. सुई टेकवून सुरुवातीला वेगाची साधारण पाऊण ते एक फेरा आणि संथची दीड फेरा उघडा. मग इंजिन पाण्यात असताना लावा. कोरडं चालवू नका, थंड करणारं पाणी खालूनच येतं. आधी पूर्ण वेगाची सुई, नंतर संथ. थोडी आत फिरवली की इंजिन शिंकतं. शिंक आली की तिथून थोडी मागे. प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद थांबा, कारण त्याला फरक कळायला वेळ लागतो. आणि शंका आली तर पेट्रोल किंचित जास्त असू द्या, कमी नको. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलाबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. ह्या वयाच्या इंजिनांना जाणकार २४ भाग पेट्रोलला १ भाग तेल देतात, म्हणजे एका गॅलनला साधारण सव्वापाच औंस.

सहा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. दिवस संपला की होस काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे वाटी रिकामी होते. कार्ब्युरेटर वापराने फारसा बिघडत नाही, तो पडून राहून बिघडतो. पेट्रोल उडून जातं, मागे डिंकासारखा थर राहतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते जास्त झालं की दोघं मिळून वाटीच्या तळाशी बसतात. वसंतात उघडलं तर धातूवर पांढरट भुकटी. मिनेसोटात बोटी, जुन्या गाड्या आणि लहान इंजिनांसाठी बिनइथेनॉलचं प्रीमियम विकायला कायद्याने मुभा आहे. चार पैसे जास्त देऊन तेच घ्यावं.

इथेनॉलवरून आठवलं. इथे ते मक्यापासून करतात, आमच्या सांगलीकडे उसाच्या मळीपासून. २०२५ मध्ये भारतात पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं आणि जुन्या गाड्यांच्या मालकांनी आरडाओरडा केला. मी कारखान्यांच्या मुलखातला. शेतकऱ्याच्या उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं, ह्याचा मला आनंदच आहे. पण ज्यांच्या घरी वडिलांची स्कूटर अजून अंगणात झाकून ठेवलेली आहे, त्यांनी पुढच्या ट्रिपला तिचा कार्ब्युरेटर उघडून बघावा. वरच्या सहापैकी बऱ्याच गोष्टी तिलाही लागू आहेत.

आता आक्षेपांकडे. "तुझा ताशी दर काय आणि तू काम काय करतोयस?" हा पहिला. ह्यावर माझं उत्तर, की शनिवारी दुपारी मला कोणीही ताशी दर देत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. जुनी टू-स्ट्रोक इंजिनं घाण करतात. पेट्रोलाचा चौथा हिस्सा न जळताच मागून बाहेर पडतो, हे सर्वमान्य आहे. ह्यावर माझ्याकडे सोयीचं उत्तर नाही. रोज दिवसभर मासेमारी करणाऱ्याने नवं फोर-स्ट्रोक किंवा बॅटरीवरचं घ्यावं, असंच मी म्हणेन. माझं इंजिन उन्हाळ्यात मोजून आठ-दहा वेळा, तासभर चालतं. आणि एक गोष्ट नक्की, की नीट लावलेला कार्ब्युरेटर गळक्या कार्ब्युरेटरपेक्षा तळ्यात पुष्कळ कमी पेट्रोल सांडतो. ठेवायचं असेल तर नीट ठेवा, नाहीतर चालवू नका. मधला रस्ता नाही.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तोच खरा आहे. हे काम 'आपलं' नाही. आपण शिकलेले. आता ह्या धंद्याचा इतिहास बघा. ओले एव्हिनरूड हा १८७७ मध्ये नॉर्वेत जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणीच आईवडिलांबरोबर विस्कॉन्सिनला आला. म्हणजे आपल्यासारखाच बाहेरचा. कारखान्यांत हात काळे करत मशिनिस्ट झाला. सहलीत आइस्क्रीम आणायला वल्ही मारत गेला आणि परतेपर्यंत ते वितळलं, तेव्हा त्याला बोटीच्या इंजिनाची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. १९०९ मध्ये त्याने इंजिन विकायला सुरुवात केली, दीड घोड्यांचं. हिशेब आणि जाहिरात बायको बेस सांभाळायची. पुढे १९३० च्या दशकात एव्हिनरूड आणि जॉन्सन एकाच कंपनीत आले. ती कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, नाव दुसऱ्यांनी घेतलं आणि २०२० मध्ये एव्हिनरूडची आउटबोर्ड बनणंच बंद झालं. कंपनी गेली, माझं इंजिन चालू आहे. कारण ते उघडता येतं.

आता तो प्रसंग. माझी मुलगी हायस्कूलला आहे. लहानपणापासून ऑक्टोबरात माझ्याबरोबर गॅरेजमध्ये बसते. आता सुया तीच लावते, माझ्यापेक्षा तिला शिंक आधी ऐकू येते. त्या आठवड्यात तिने शाळेचा एक फॉर्म पुढे ठेवला. पुढच्या सत्रात एक ॲडव्हान्स्ड विषय सोडून तिला ऑटो शॉपचा वर्ग घ्यायचा होता. पालकांची सही हवी. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "गॅरेजमध्ये करतेस ते ठीक आहे गं. पण शाळेत अभ्यास कर. हात काळे करायला..."

पुढचं वाक्य गिळलं. ते माझं नव्हतंच. बाबांचं होतं.

फॉर्म चार दिवस फ्रिजवर मॅग्नेटखाली राहिला. बायको म्हणाली, कॉलेजवाले काय म्हणतील? प्रश्न चुकीचा नाही. मलाही तोच पडला होता. पण चार दिवस मी दुसराच विचार करत होतो. बाबांनी मला अंगणातून उठवलं, कारण त्यांच्या जगात हात काळे असणाऱ्याला साहेबासमोर उभं राहावं लागत होतं. मी खुर्चीत बसावं म्हणून त्यांनी स्वतःची विद्या माझ्यापासून लांब ठेवली. त्यांचं बरोबर होतं, त्या काळी, त्या घरात. त्यांच्यामुळे मी इथे आहे. पण त्याचा हिशेब असा झाला, की चाळीस वर्षं इंजिनांत घालवलेल्या माणसाच्या मुलाला वयाच्या अडतिसाव्या वर्षी फ्लोट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी त्यांच्या शेजारी बादलीवर बसलो, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मला ऊठ म्हटलं नाही. पाना पुढे केला. २०१८ मध्ये बाबा गेले. त्यांच्याकडून मी शिकलो ते एवढंच, एका कार्ब्युरेटरापुरतं. बाकीचं सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

आपण इथे मुलांना भरतनाट्यम्, तबला, मराठी शाळा, गणिताचे क्लास सगळं देतो आणि परंपरा जपली म्हणतो. आपल्यापैकी किती जणांचे वडील-आजोबा लोहार, सुतार, फिटर, गिरणी कामगार होते? ती परंपरा आपण मोजतच नाही. लपवली नसेल, पण सांगितलीही नाही. मंडळाच्या कार्यक्रमात "वडील काय करायचे?" ह्यावर मी वर्षानुवर्षं "एस.टी.त होते" एवढंच सांगत आलो, जणू ऑफिसात होते. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

पाचव्या दिवशी सही केली. तिच्या कॉलेजच्या अर्जाचं काय व्हायचं ते होईल. बायको अजून पूर्ण पटलेली नाही, आणि तुमच्यापैकी अनेकांना पटणार नाही हेही मला माहीत आहे. ॲडव्हान्स्ड विषय सोडून मुलीला पाने-पक्कड हातात देणं हा शहाणपणा की खुळेपणा, ह्यावर मोकळेपणाने लिहा. टीकाही चालेल.

शनिवारी आम्ही दोघांनी इंजिन ड्रममध्ये पाणी भरून शेवटचं चालवलं. तिने होस काढला. ते मिनिट-दोन मिनिटं चाललं, थोडं अडखळलं आणि थांबलं. वाटी रिकामी. आता मे महिन्यापर्यंत झोप. ज्यांचं अजून बाकी असेल त्यांनी ह्याच आठवड्यात उरकून घ्या, बर्फ काही थांबत नाही.

लोभ असावा.

आपला,
एक सांगलीकर, मुक्काम मिनेसोटा